माशांच्या पाण्याची ऊब

ग्वाल्हेरची थंडी हा आमच्या पुण्या-मुंबईकडील आप्तांच्या थट्टेचा एक कायमचा विषय आहे. दिवाळीला येऊन गेलेल्या माणसाला तिची कल्पना येत नाही, आणि संक्रांतीला आलेला माणूस पुन्हा संक्रांतीला येत नाही. डिसेंबरच्या अखेरीस येथील पारा पहाटे पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. आणि एकदा का धुके बसले की दिवसचे दिवस सूर्यदर्शन घडत नाही. लष्करातील आमचे घर जुने, जाड दगडी भिंतींचे आणि उंच छताचे. उन्हाळ्यात ते जितके सुखाचे तितकेच हिवाळ्यात कठोर. आम्ही माणसे रजई, शेगडी आणि आल्याचा चहा यांवर निभावून नेतो. परंतु मूळ अमेझॉन नदीच्या कोमट पाण्यात राहणाऱ्या माशाने अशा घरात हिवाळा कसा काढावा, हा प्रश्न आमच्या वाट्याला यावा, हे विधिलिखितच म्हणायचे.

ही मत्स्यपेटी वस्तुतः आमची नव्हे. ती आमच्या थोरल्या बंधूंची, अण्णांची. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. निवृत्तीनंतर २०१२ साली त्यांनी ती बैठकीच्या खोलीत मांडली, आणि तीत बोटाच्या दोन पेरांएवढे दोन ऑस्कर मासे आणून सोडले. वर्षभरात ते हाताच्या वितीहून मोठे झाले, पुढे फूटभर. काळसर अंगावर नारिंगी नक्षी आणि शेपटीपाशी डोळ्यासारखा एक ठिपका. अण्णांनी त्यांची नावे ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ अशी ठेवली होती, आणि ती उच्चारताना आमच्याकडे पाहून ते हसत. हा मासा माणूस ओळखतो, हातातून खाऊ घेतो, आणि मनाविरुद्ध काही घडले तर चक्क तळाशी कुशीवर पडून रुसतो. ज्यांनी तो पाळला आहे त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

२०१९ च्या दिवाळीत अण्णा गेले. त्यानंतर त्या पेटीची व्यवस्था वहिनींकडे आली, म्हणजे त्यांनी ती आपण होऊन घेतली. रोज सकाळी पूजा आटोपली की त्या बैठकीत येत, बाही वर सारीत, आणि दुकानातील गोळ्यांबरोबर उकडून सोललेला मटारचा एकेक दाणा बोटांत धरून पाण्यात हात घालीत. थोरला तो दाणा इतक्या अलगद घेई की वहिनी म्हणत, “नातवंडेसुद्धा इतक्या मर्यादेने घेत नाहीत हो, भावजी.” पाणी बदलणे आणि यंत्रांची देखभाल एवढेच आमच्याकडे होते. ते आम्ही जितके नीट करावयास हवे होते तितके केले नाही.

पेटीत अण्णांच्या वेळेपासून ३०० वॅटचा काचेच्या नळीतील हीटर होता. त्याभोवती प्लॅस्टिकची जाळी होती, ती केव्हाच तुटली होती. नवी बसवू, बसवू, असे म्हणण्यात दोन हिवाळे गेले. हीटरची पिन दोनच काट्यांची. तीत अर्थिंगची तार मुळातच नव्हती. आणि घरातील विजेची फळी चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजांची. हे सारे आम्ही रोज पाहत होतो.

जानेवारी २०२३ मधील एका सकाळी धुके इतके दाट होते की अंगणातील तुळस दिसत नव्हती. वहिनींनी नेहमीप्रमाणे पाण्यात हात घातला आणि त्या किंचाळून मागे कोसळल्या. रात्री केव्हातरी त्या दोन बलदंड माशांपैकी एकाच्या धडकेने हीटरची काच फुटली होती. फरशी ओली, पाय अनवाणी, आणि पाण्यात घरातील वीज उतरलेली. हात झटक्यानेच बाहेर आला म्हणून त्या वाचल्या. कोपरास खरचटण्यापलीकडे इजा झाली नाही. परंतु त्या वेळी त्यांच्या ओठांचा जो रंग आम्ही पाहिला तो अद्याप विसरलो नाही. फळीवरचा फ्यूज तर जागचा हललाही नव्हता.

पुढचे चार दिवस आमच्या शरमेचे आहेत. हीटर काढला, पण त्या धुक्यात गावात तसा दुसरा मिळेना. एका ओळखीच्या घरून १०० वॅटचा छोटा हीटर आणला, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या सोडल्या, अण्णांची जुनी रजई पेटीवर पांघरली. तरी तिसऱ्या दिवशी पाणी १७ अंशांवर आले. दोघांनीही खाणे सोडले. धाकट्याच्या अंगावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले आणि चौथ्या दिवशी तो गेला. नवा हीटर त्याच संध्याकाळी मिळाला. अंगणातील पेरूच्या झाडाखाली आम्ही त्याला पुरले, तेव्हा वहिनी बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर त्या पाण्यात हात घालीनाशा झाल्या. आम्हीच तसे बजावले होते, आणि बजावण्याची गरजही नव्हती. लाकडी पळीच्या टोकाला दाणा ठेवून त्या लांबूनच पाण्यावर धरीत. थोरला वर येई, पळीकडे पाही आणि तळाशी जाऊन कुशीवर पडे. एकटेपणाने की पळीच्या रागाने, ते त्यालाच ठाऊक. पण रोज सकाळी हा देखावा पाहणे आम्हांला अवघड झाले. तेव्हा आम्ही ठरविले की पुढचा हिवाळा येण्यापूर्वी हीटर पेटीतून कायमचा बाहेर काढावयाचा.

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आम्ही पाणी तापविण्याच्या शास्त्रात शिरलो, ते असे.

सल्ला देणारे पुष्कळ भेटले. एकाने बादलीत टाकतात तो १५०० वॅटचा रॉड सुचविला. वहिनींच्या प्रसंगानंतर तो शब्दही आम्हांला ऐकवेना. आमचा प्लंबर अनुभवी माणूस. तो म्हणाला, “बाबूजी, तीन लिटर का गीज़र टाँग दो, झंझट खतम.” त्याला समजावून सांगण्यात एक चहा गेला. गीझर स्नानाचे पाणी पन्नास-साठ अंशांवर नेण्यासाठी असतो, २६ अंशांवर तोलून धरण्यासाठी नव्हे. शिवाय त्याच्या आतील तापणाऱ्या कांडीवर बहुधा तांब्याचे वेष्टन असते, आणि तांबे पाण्यात अगदी थोडे उतरले तरी ते माशांच्या कल्ल्यांना बाधते. पुन्हा काचेचाच हीटर, पण मजबूत जाळीचा, हा एक मार्ग होता आणि तोच सर्वांत स्वस्त. लहान, शांत माशांच्या घरी आम्हीही तोच सुचवू. पण फूटभर लांबीच्या, पेटीतील दगड तोंडाने उचलून इकडून तिकडे नेणाऱ्या माशापुढे काच ठेवण्याची आमची छाती होईना.

उरला तो नळीत बसवावयाचा हीटर. मोठ्या पेटीला पाणी गाळण्यासाठी बाहेर, खालच्या कपाटात, डब्याचे फिल्टर असतात. पेटीतले पाणी एका नळीने खाली डब्यात उतरते, आतील स्पंज आणि खड्यांतून गाळून निघते, आणि पंप ते दुसऱ्या नळीने पुन्हा वर चढवितो. या परतीच्या नळीच्या मध्येच हा हीटर जोडावयाचा. बाहेरून तो प्लॅस्टिकच्या जाड नळकांड्यासारखा दिसतो. पाणी त्याच्या पोटातून वाहत जाते आणि जाता जाता तापते. पेटीत काही ठेवावेच लागत नाही. माशाला फोडावयास काही उरत नाही.

किती वॅटचा घ्यावा, याविषयी दुकानदार ‘लिटरला एक वॅट’ असा ठोकताळा सांगतात. तो वाईट नाही. परंतु तो सांगणाऱ्यांनी आमची बैठकीची खोली पाहिलेली नाही. म्हणून आम्ही स्वतःच हिशेब मांडला. पेटीचे माप चोवीस घनफूट, म्हणजे सुमारे ६८० लिटर. वरची रिकामी जागा आणि तळाची वाळू वजा केल्यास पाणी ६०० लिटर. शाळेत शिकलेले आठवले की एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी लागते, आणि विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. तेव्हा आमच्या पेटीला एका अंशासाठी जवळजवळ ०.७ युनिट वीज हवी. आता दर तासाला किती उष्णता बाहेर जाते, हे कळले की झाले. त्याचे उत्तर आम्हांला वीजमंडळींच्या कृपेने फुकट मिळाले. त्याच जानेवारीच्या अखेरीस एका रात्री दहाला वीज गेली ती सकाळी सहाला आली. तोपर्यंत आम्ही पेटीच्या मागे, दोन्ही बाजूंना आणि तळाशी थर्मोकोलचे तक्ते लावले होते आणि वर काचेचे झाकण ठेवले होते. खोलीत १२ अंश होते. पेटीतील पाणी आठ तासांत २६ वरून २३ वर आले. तीन अंश म्हणजे २.१ युनिटे, आठ तासांनी भागले की सुमारे २६० वॅट.

म्हणजे ३०० वॅट पुरेत, असे प्रथमदर्शनी वाटले. परंतु उष्णता जाण्याचा वेग आत-बाहेरच्या फरकावर अवलंबून असतो. त्या रात्री तो फरक सरासरी साडेबारा अंश होता. आमच्या खोलीत ९ अंश असतात अशाही रात्री येतात, आणि पाणी २६ वरच टिकवावयाचे तर फरक १७ अंशांचा होतो. मग गरज ३५० वॅटच्या पुढे जाते. अण्णा कडाक्याच्या रात्री पेटीवर आपली रजई का पांघरीत, याचा उलगडा आम्हांला तेव्हा झाला. त्यांचा ३०० वॅटचा हीटर रात्रभर न थांबता जळूनही मागे पडत होता. कागदपेन्सिल न घेता त्यांनी ते ओळखले होते. (थर्मोकोल मात्र त्यांना सुचला नव्हता. तो लावण्याचा खर्च एका सिनेमाच्या तिकिटाइतकाही नाही आणि हीटर घेण्यापूर्वी प्रत्येकाने आधी तोच करावा.)

आता ६०० वॅटचा एक घ्यावा की ३०० वॅटचे दोन? येथे आम्ही ठामपणे दोनच्या बाजूचे आहोत. हीटरच्या आत तापमान पाहून वीज जोडणारा-तोडणारा थर्मोस्टॅट असतो, आणि त्याचे टोक झिजून एखाद्या दिवशी एकमेकांस चिकटते. मग तो हीटर थांबतच नाही. एकच मोठा हीटर असा अडकला तर दीड दिवसात पाणी माशाला उकडण्याइतके तापेल. दोनांपैकी एक अडकला तर तापणे निम्म्या गतीने होते आणि माणसाच्या ध्यानात येण्यास अवधी मिळतो. उलट, दोनांपैकी एक बंद पडला तर दुसरा पाणी विशीच्या वर धरून ठेवतो. धाकट्याला तेवढे मिळाले असते तरी पुष्कळ होते. सुदैवाने अण्णांनी पेटीला दोन फिल्टर लावलेले होते, तेव्हा प्रत्येकाच्या परतीच्या नळीवर एकेक हीटर, असे ठरले.

अमेरिकेतील पुतण्या, म्हणजे अण्णांचा मुलगा, तिकडून पाठविण्यास निघाला होता. आम्ही त्याला वेळीच थांबविले. तिकडील उपकरणे १२० व्होल्टची. तोच ३०० वॅटचा हीटर आपल्या २३० व्होल्टवर लावला तर चौपटीच्या जवळपास वीज ओढेल आणि क्षणात जळून जाईल. अखेर त्याच्या ओळखीचे एक गृहस्थ जर्मनीहून येत होते, त्यांनी दोन आणून दिले. तिकडचा दाब आपल्यासारखाच असतो.

नोव्हेंबरमध्ये जोडणीस आरंभ झाला. प्लंबर आपली पिशवी घेऊन आला आणि त्याने फरशीवर सामान मांडले: पितळी कॉक, जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी निपल, सूत आणि सफेद्याचा डबा. घराच्या नळासाठी यांत काहीच वावगे नाही. परंतु पितळेत तांबे, मुलाम्यात जस्त, आणि सफेदा म्हणजे मूळचे शिशाचे वा जस्ताचे लुकण. घराच्या नळातील पाणी वाहून जाते. पेटीतील पाणी मात्र त्याच जोडांवरून दिवसरात्र फिरत राहते. आम्ही सारे परत पिशवीत घालावयास लावले तेव्हा तो दुखावला. “बीस साल से यही लगा रहे हैं,” म्हणाला. मग वहिनी आतून चहा घेऊन आल्या आणि त्यांनी त्याला थोरला दाखविला. त्यानंतर तो काही बोलला नाही. बाजारात जाऊन यूपीव्हीसीचे कॉक, मोकळे करता येणारे युनियन आणि टेफ्लॉनची फीत घेऊन आला.

हीटर परतीच्याच नळीवर का, याला कारण आहे. त्या बाजूला पाणी गाळलेले असते, त्यामुळे कचरा हीटरमध्ये अडकत नाही. आणि तेथे पंपाचा दाब आतून बाहेर असतो, म्हणून जोड सैल असल्यास पाणी ठिबकून दिसते. ओढण्याच्या बाजूला तोच सैल जोड गुपचूप हवा आत घेईल, आणि हवेत सापडलेला हीटर कोरडा तापेल. त्याच कारणाने तो उभाच बसवावा लागतो, आणि पाणी खालून शिरून वरून निघाले पाहिजे, म्हणजे हवेचे बुडबुडे आपोआप वर निघून जातात. हे सारे त्याच्या पत्रकातील चित्रात स्पष्ट दाखविले होते. आम्ही चष्मा डोक्यावर ठेवून ते पाहिले आणि पहिला हीटर उलटा बसविला. चालू करताच आत गुरगुर सुरू झाली. प्लंबरने अंगावरचा बाण दाखविला आणि फक्त एवढेच म्हणाला, “बाबूजी, तीर ऊपर को है.” त्याचे सफेद्याचे उसने फिटले.

हीटरच्या खाली एक आणि वर एक असे दोन कॉक बसविले. त्यायोगे पेटी न रिकामी करता हीटर काढता येतो. हीटरची तोंडे १६ मिलिमीटरच्या लवचीक नळीसाठी होती. ती नळी उकळत्या पाण्यात क्षणभर धरली की मऊ होऊन व्यवस्थित चढते, थंड झाली की घट्ट बसते. वरून पेचाच्या स्टीलच्या क्लिपा. यूपीव्हीसीचे जोड चिकटविल्यावर चोवीस तास हात लावला नाही. मग पाणी सोडून रात्रभर प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरला. डोळ्याला न दिसणारी गळतीही कागदावर सकाळी डाग पाडते. चारांपैकी एका कागदावर तो होता, तो जोड पुन्हा केला.

एक गोष्ट मात्र आम्ही कोणाला करावयास विसरू देणार नाही. परतीची नळी जेथे पेटीत उतरते तेथे, पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर, तिला एक लहान भोक पाडावे. तिसऱ्याच रात्री एक क्लिप सुटली. नळी निसटली, आणि पाणी सायफनने उलटे वाहू लागले. ते भोक नसते तर नळीच्या टोकापर्यंतचे पाणी बैठकीत आले असते. पातळी भोकापर्यंत उतरताच त्यातून हवा शिरली आणि धार तुटली. फिल्टरने त्याआधी बाहेर टाकलेले धरून पंचवीस-तीस लिटर सांडले असेल. सतरंजी भिजली, सौ.चे बोलणे खावे लागले. मासा सुखरूप होता. तेव्हापासून प्रत्येक जोडावर दोन क्लिपा आहेत.

सारे सुरळीत चालू झाल्यावर वहिनींनी परतीच्या नळीला दुरूनच बोट लावून पाहिले आणि म्हणाल्या, “भावजी, हे गरम होतच नाही. फसविले तुम्हांला.” आम्हीही दचकलो. मग पुन्हा कागद काढला. फिल्टर तासाला हजार लिटर पाणी फिरवीत असेल तर ३०० वॅटचा हीटर त्यातून जाणाऱ्या पाण्याला एका खेपेत जेमतेम पाव अंश तापवितो. बोटाला ते कळणार कसे? परंतु तेच पाणी दिवसभर पुन्हा पुन्हा फिरते आणि पाव-पाव अंश साठत जातो. संध्याकाळी तापमापकावर पाणी दोन अंश वर गेलेले दिसले तेव्हा वहिनींचा विश्वास बसला. याच हिशेबाची दुसरी बाजू भयंकर आहे. पाणी फिरणे थांबले आणि हीटर चालूच राहिला, तर त्याच्या पोटातील पाव-अर्धा लिटर पाणी काही मिनिटांत उकळेल. थर्मोस्टॅट त्याला थांबवितो हे खरे. पण त्याच्यावरच विसंबणे नको. म्हणून फिल्टर धुण्यास काढण्यापूर्वी हीटर आधी बंद, मग पाच मिनिटे थांबणे, हा नियम आम्ही पुठ्ठ्यावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटविला.

येथवर आल्यावर आम्ही स्वतःवर खूश होतो. हीटर पाण्याबाहेर, तेव्हा वहिनींनी आता निर्धास्त हात घालावा, असे आम्ही जाहीरही केले. आमचे वयोवृद्ध वीजमिस्त्री वायरिंग पाहण्यासाठी आले होते. त्यांनी ते ऐकले आणि हातातील टेस्टर खाली ठेवला. म्हणाले, “हीटर बाहर है, पर पानी तो वही है न?”

खरेच होते. नळकांड्यातील पाणी आणि पेटीतील पाणी यांत खंड कोठे आहे? हीटरच्या आतील वेष्टन तडकले तर वीज नळीतील पाण्यावाटे पेटीत पोहोचावयाची ती पोहोचणारच. माशाच्या धडकेचा धोका आम्ही टाळला होता, विजेचा नव्हे. आणि मग त्या गृहस्थांनी आम्हांला जे समजाविले ते पन्नास वर्षे त्या घरात राहूनही आम्हांला ठाऊक नव्हते. फ्यूज माणसासाठी नसतोच, तो तारांसाठी असतो. पाच अँपियरचा फ्यूज जाण्यास पाच अँपियरहून अधिक प्रवाह लागतो. माणसाचे हृदय बंद पाडण्यास त्याच्या शंभराव्या भागाइतकाही पुरतो. त्या सकाळी फ्यूज जागचा हलला नाही, यात फ्यूजची काही चूक नव्हती.

यावर उपाय म्हणजे आरसीसीबी नावाचा स्विच, तीस मिलिअँपियरचा. जाणारी वीज आणि परत येणारी वीज तो सतत तोलून पाहतो. दोहोंत तीस मिलिअँपियरचा फरक पडला, म्हणजे वीज अन्य मार्गाने कोठे तरी, कदाचित कोणाच्या देहातून, जाऊ लागली, की तो क्षणार्धात तोडतो. तो बसविला. त्याबरोबर अंगणात खड्डा घेऊन, कोळसा व मीठ घालून नवे अर्थिंग केले, आणि त्याची तार स्टीलच्या एका पट्टीला जोडून ती पट्टी पेटीच्या पाण्यात सोडली. काचेची पेटी विजेला बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे बिघाड झाला तरी वीज पाण्यात दबा धरून बसते आणि पहिला हात पडेपर्यंत काहीच कळत नाही. वहिनींच्या बाबतीत नेमके तेच घडले होते. पट्टी असली की वीज तत्काळ जमिनीकडे धावते आणि हात पडण्यापूर्वीच स्विच पडतो. मिस्त्रींनी बजाविले की आरसीसीबीवाचून नुसती पट्टी मुळीच लावू नये. याशिवाय दोन्ही हीटरांची वीज बाहेरच्या एका तापमान-नियंत्रकातून नेली. हीटरांवर २६ अंश, नियंत्रकावर २७. म्हणजे आतील थर्मोस्टॅट चिकटला तरी बाहेरचा वीज तोडील. पंप इन्व्हर्टरवर आहेत, हीटर नाहीत. तीनशे-तीनशे वॅट ओढून बॅटरी तासा-दोन तासांत झोपली असती. साऱ्या तारा खोबणीपूर्वी खाली झोका देऊन वर नेल्या आहेत, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब झोक्याच्या तळाशी ठिबकतो, खोबणीत शिरत नाही.

आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचे एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून स्विच पडतो की नाही हे पाहावे लागते. हे काम वहिनींनी मागून घेतले. त्या ते संकष्टीच्या दिवशी करतात, म्हणजे महिना चुकत नाही.

तरीही पाण्यात हात घालण्यास त्यांना पुढे दीड महिना लागला. आम्ही आग्रह केला नाही. २०२४ च्या जानेवारीत, पुन्हा तसेच धुके असताना, एका सकाळी बैठकीतून त्यांची हाक आली. खोलीत नऊ अंश होते, पाण्यात सव्वीस. त्यांनी हीटरांच्या दोन्ही पिना स्वतः काढून बाजूला ठेवल्या होत्या, पायांत रबरी चपला होत्या, पायांखाली लाकडी पाट होता. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आमच्याकडे न पाहता त्यांनी बाही वर सारली आणि मटारचा दाणा धरून मनगटापर्यंत हात बुडविला. थोरला तळाशी पडून होता. तो लगेच आला नाही. एकदा अर्ध्यावर येऊन परत गेला. वहिनी हात तसाच धरून उभ्या राहिल्या. मग तो आला, दाण्याभोवती एक फेरी घातली, आणि घेतला.

“पाणी छान कोमट आहे हो,” वहिनी म्हणाल्या, आणि दुसरा दाणा सोलू लागल्या.

तेव्हापासून हाच क्रम आहे: आधी पिना काढणे, मग हात घालणे, मग पिना पुन्हा लावणे. आरसीसीबी असताना एवढे कशाला, असे सौ.ने एकदा विचारले, तेव्हा वहिनींनी तिला उत्तर दिले नाही. कडाक्याच्या दिवसांत हीटर दिवसाला सहा-सात युनिटे खातात. बिल आले की आम्ही ते मुकाट्याने भरतो. होळीच्या सुमारास दोन्ही हीटर बंद करून, पाणी काढून, पुसून ठेवतो आणि शरदात पुन्हा जोडतो. थोरला आता म्हातारा झाला आहे, एका डोळ्याने त्याला कमी दिसते असे वाटते. अण्णांची रजई घडी घालून पेटीशेजारच्या खुर्चीवर ठेवलेली असते. वीज गेली की ती अजून लागते.